पिशवीचा हिशेब



भोगोपभोग परिमाण व्रत आपण पाठशाळेपासून ऐकत आलो आहोत. एकदा वापरली की संपते ती भोगाची वस्तू, जसे अन्न, फुले, उटणे. पुन्हा पुन्हा वापरता येते ती उपभोगाची, जसे वस्त्र, भांडी, घर. आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती पिढ्यान्‌पिढ्या उपभोगाच्या यादीत होती आणि आपल्या डोळ्यांदेखत भोगाच्या यादीत जाऊन बसली. ती वस्तू म्हणजे बाजाराची पिशवी.

आपल्या भाषेत पिशवीला किती नावे आहेत पाहा. पैशांचा कसा, पान-सुपारीची चंची, औषधाचा बटवा, खांद्यावर दोन्ही बाजूंना लोंबणारी पडशी, धान्याची गोणी, आणि रोजची थैली. प्रत्येकीचे काम ठरलेले, म्हणून प्रत्येकीला वेगळे नाव. यातली एकही फेकण्यासाठी केलेली नव्हती. जुन्या लुगड्याचा बरा भाग कापून थैली शिवायची, ती विरली की तिचे फडके करायचे, आणि फडक्याचेही शेवटी पोतेरे व्हायचे. पाणी गाळायचे वस्त्र जितक्या निगुतीने धुऊन वाळत घालायचे, तितक्याच निगुतीने थैलीही दारामागच्या खुंटीला परत जायची. "बाजाराला निघालीस, पिशवी घेतलीस का?" हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कुणी उंबरा ओलांडला नसेल.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे माझे लक्ष आधी हिशेबाकडे जाते. व्यापारातही पिशवीला किंमत होती. बंगालमध्ये रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली आणि तागाचे पोते देशभर पोचले. आडत दुकानात माल तोलला की पोत्याचे वजन वजा करायचे. रिकाम्या पोत्यांना बारदान म्हणायचे आणि वहीत त्याचे स्वतंत्र खाते असायचे. रिकामे पोते परत यायचे, रफू व्हायचे, विकले जायचे. ज्याचे खाते असते ते कुणी रस्त्यावर टाकत नाही.

नंतर कागद आला. सपाट बुडाची कागदी पिशवी यंत्रावर घडवण्याचे पेटंट १८७१ साली अमेरिकेतल्या मार्गारेट नाइट या बाईंना मिळाले. त्यांचे यंत्र पाहून एका पुरुषाने ते आपल्या नावावर करून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी आपली रेखाटने पुढे ठेवून दावा जिंकला. आपल्याकडे मात्र कागद आला तो रद्दीच्या रूपाने. वाण्याकडून साखर, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ वर्तमानपत्राच्या पुड्यात यायची. पुड्याचा दोरा घरी गुंडाळून ठेवायचा आणि कागद फडताळात अंथरायचा. तेलाला आपली बरणी, दुधाला आपले भांडे आणि फुलांना हिरवे पान.

प्लास्टिक जन्मले तेही पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच. पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच सापडले. आज आपण जिला कॅरीबॅग म्हणतो, ती बनियनच्या आकाराची अखंड पिशवी स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीचे स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी तयार केली, आणि १९६५ मध्ये तिचे अमेरिकेत पेटंट झाले. त्यांच्या मुलाने पुढे सांगितले की वडील स्वतः एक पिशवी घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत. लोक ती एकदा वापरून फेकतील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

आपली वायरची पिशवी आठवते ना? दुपारच्या वेळी शेजारणी एकत्र बसून रंगीत वायरच्या चौकटी विणायच्या. तीही प्लास्टिकचीच. पण ती दहा-दहा वर्षे टिकायची, आणि तुटली तर मुठी बदलून पुन्हा चालायची. म्हणून मला वाटते, पदार्थापेक्षा दोष एका शब्दात जास्त आहे. तो शब्द म्हणजे "फुकट". दुकानदाराने पिशवी फुकट द्यायला सुरुवात केली त्या दिवशी तिचे खाते बंद झाले. खरे तर तिची किंमत मालाच्या भावातच मिळवलेली असते, फक्त बिलात दिसत नाही. जे बिलात दिसत नाही ते मनातही मोजले जात नाही.

पण हिशेब कुठेतरी चुकता होतोच. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत ढाक्याची गटारे पॉलिथिनने तुंबल्याचे दिसले, आणि २००२ मध्ये त्या देशाने पातळ पिशव्यांवर बंदी घातली. देशभर अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. इतका पाऊस कुठल्याही शहराला पेलला नसता, पण नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांनी पाण्याची उरलीसुरली वाटही अडवली. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीचा एवढा आग्रह कशासाठी? पातळ पिशव्या कितीही वेचल्या तरी वजन भरत नाही. भंगारवाला त्यांना भाव देत नाही, म्हणून कचरा वेचणाऱ्या बायाही त्या उचलत नाहीत. त्या तिथेच राहतात आणि मग गाय येते. आपण शिळी पोळी, भाजीची देठे पिशवीत घालून गाठ मारून टाकतो. गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते, आणि ती पिशवी पोटात पचत नाही की बाहेर पडत नाही. पोट भरलेले राहते आणि गाय उपाशी मरते. शस्त्रक्रियेत एकेका गाईच्या पोटातून तीस-चाळीस किलो प्लास्टिक निघाल्याची उदाहरणे आहेत. गाईंच्या या हालांबद्दल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिकाही दाखल झाली. आपला समाज पांजरपोळाला दान देतो. गाठ मारलेल्या त्या पिशवीचा विचार मी त्या दानाच्या पावतीशेजारी ठेवून करते.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी मोठी बंदी आणली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि कैद. केंद्राने जाडीची अट सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० मायक्रॉनवर नेली. तरी भाजीवाल्याच्या गाडीखाली त्या काळ्या-पांढऱ्या पिशव्या आहेतच, कारण आपण हात पुढे करतो. लडाखमध्ये लेह शहरात १९९८ साली महिलांच्या संघटनेने पुढाकार घेऊन पिशव्या बंद करवल्या होत्या. आयर्लंडने २००२ मध्ये बंदी न घालता फक्त पिशवीमागे १५ सेंट आकार लावला. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागत, त्या २१ वर आल्या. पिशवीचे खाते पुन्हा उघडले, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या घरचा हिशेब. कापडी पिशवी घेतली म्हणजे पुण्य लागले असे नाही. कापूस पिकवायला, सूत काढायला, रंगवायला पाणी आणि वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, हवामानावरचा परिणाम पाहता, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा बाजाराला गेलात तर अडीच वर्षे. आणि आपल्याकडे पंचकल्याणक, लग्न, डोहाळजेवण, दुकानाचे उद्घाटन, सगळीकडून नवी पिशवी मिळते. कपाटात तीस कोऱ्या पिशव्या घडी घालून ठेवल्या तर तो परिग्रहच. त्यातल्या कापडासारख्या दिसणाऱ्या, शिवण नसलेल्या, चुरगळल्यावर खरखरणाऱ्या पिशव्या तर कापडाच्या नसतातच. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच.

चातुर्मासात आपण हिरव्या भाज्यांची मर्यादा करतो, वस्त्रांची करतो. तशी पिशव्यांचीही करता येईल. माणशी दोन कापडी पिशव्या, पीठ आणि डाळीसाठी चार लहान थैल्या, आणि ओल्या भाजीसाठी एखादी जाळीची. त्यापलीकडे नवी आली तर हात जोडून परत करायची. मंगलकार्यात पिशव्या वाटण्याऐवजी तेवढी रक्कम पांजरपोळाला द्यायची. आणि किराणा डायरीच्या शेवटच्या पानावर एक खाते उघडायचे, त्यात महिन्याभरात बाहेरून घरात आलेल्या पिशव्या मांडायच्या. पहिल्या महिन्याचा आकडा मोठा येईल. येऊ द्या. बारदान खाते लिहिणाऱ्यांच्या आपण लेकी-सुना आहोत, दुसऱ्या महिन्याचा आकडा कमी कसा करायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको.