वडिलांचं लॉगबुक

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये इतके विमानतळ उभे राहिले की लोक त्याला ‘बॉम्बर कौंटी’ म्हणू लागले. तिथून रात्री उडालेल्या तरुणांपैकी जे परत आले, ते पुढे शिक्षक झाले, कारकून झाले, बाप झाले. मुलांनी युद्धाबद्दल विचारलं की ठरावीक किस्से निघत. उड्डाणाआधी सगळ्यांनी विमानाच्या मागच्या चाकावर लघवी करायची, तो शुभशकुन. मोहिमेवरून परतलं की ताटात अंडी आणि बेकन. रेशनच्या दिवसांत अंडं म्हणजे चैन. एवढं सांगून झालं की विषय बदलायचा.

उरलेलं लॉगबुकात होतं. प्रत्येक हवाई सैनिकाला ही वही ठेवावीच लागे. तारीख, विमानाचा क्रमांक, वैमानिकाचं नाव, आपलं काम, हवेतले तास. रात्रीच्या मोहिमा लाल शाईत लिहायची पद्धत होती. एका ओळीत ‘एसेन’, दुसऱ्या ओळीत ‘बर्लिन’, पुढे वेळ. भीतीसाठी रकाना नव्हता. वडील गेल्यावर कपाट आवरताना ही वही हाती लागलेली मुलं आज स्वतः म्हातारी झाली आहेत, आणि त्या लाल ओळींचा अर्थ त्यांना आता शोधावा लागतो आहे.

अर्थ भयंकर आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे 1,25,000 जण उडाले, सगळे स्वेच्छेने आलेले. त्यांतले 55,573 मारले गेले. साधारण 30 मोहिमा झाल्या की एक पाळी संपे. त्या 30 पुऱ्या होणं हेच मोठं नशीब. 30 मार्च 1944 च्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या विमानांपैकी 95 परतलीच नाहीत. यापुढे उडणार नाही असं कुणी म्हटलं, तर त्याच्या कागदावर ‘मनोधैर्याचा अभाव’ असा शेरा बसू शकत होता. विशी-बाविशीतली ही मुलं. घरी सांगितलेल्या गमतींमागे काय दडलं असेल, ते इथे कळतं.

लँकेस्टर विमानात सात माणसं असत. त्यांतली बहुतेक एकमेकांना निवडत, तेही अगदी अनौपचारिकपणे. प्रशिक्षणाच्या तळावर वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे, वायरलेसवाले, गनर सगळे एका हँगरमध्ये सोडले जात आणि त्यांनी आपसांत बोलून टोळी जमवायची. चेहरा पाहून, आवाज ऐकून केलेली ही निवड जन्ममरणाची ठरे. म्हणूनच कितीतरी घरांत वडिलांच्या तोंडी सख्ख्या भावांइतकीच या सहा जणांची नावं असत. सर्वांत एकटा मागचा गनर. शेपटीच्या टोकाला काचेच्या बुरुजात, विजेवर तापणारा पोशाख घालून, तासन्‌तास अंधारात डोळे लावून तो बसे.

अशाच एका मागच्या गनरची गोष्ट कुणाही मुलाला थाप वाटली असती. मार्च 1944 मध्ये बर्लिनहून परतताना निकोलस अल्केमेडचं विमान पेटलं आणि त्याचं पॅराशूटही आगीत सापडलं. जळून मरण्यापेक्षा उडी बरी, म्हणून सुमारे 18,000 फुटांवरून त्याने तशीच उडी टाकली. पाइनची झाडं आणि खालचा बर्फ यांमुळे तो वाचला. जर्मनांचा आधी विश्वास बसेना. विमानाच्या सांगाड्यात जळक्या पॅराशूटचे अवशेष सापडले, तेव्हा त्यांची खात्री पटली.

सगळ्यांच्या गोष्टींना असा पुरावा मिळत नाही, पण पुष्कळांना मिळतो. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वॉड्रनच्या रोजनिश्या आहेत: कोणतं विमान किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, चालक दलाने परतल्यावर काय सांगितलं. लॉगबुक आणि रोजनिशी शेजारी ठेवली की वडिलांनी कधी न सांगितलेली रात्र उभी राहते.

काही मोहिमा मात्र वडील आपणहून सांगत. एप्रिल 1945 च्या अखेरीस याच विमानांनी उपाशी हॉलंडवर अन्नाची पोती टाकली, ‘ऑपरेशन मॅना’. खाली माणसं हात हलवत होती, हे सांगताना त्यांचा चेहरा खुले. हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेनबद्दल ते क्वचितच बोलत. 1943 च्या जुलैत हॅम्बुर्गमध्ये आगीचं वादळ उठलं. ड्रेस्डेनमध्ये सुमारे 25,000 माणसं मेली. युद्ध संपल्यावर या हल्ल्यांवर कडाडून टीका झाली आणि या हवाई सैनिकांना वेगळं मोहीमपदक मिळालं नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं त्यांचं स्मारक 2012 मध्ये उभं राहिलं. पदकाच्या फितीवर लावायची पट्टी 2013 मध्ये आली, तोवर बहुतेक जण गेले होते.

2018 मध्ये लिंकनच्या टेकडीवर बॉम्बर कमांडचं केंद्र सुरू झालं. तिथला उंच मनोरा लँकेस्टरच्या पंखांच्या लांबीइतका, 102 फुटांचा आहे आणि भोवतीच्या भिंतींवर सुमारे 58,000 नावं कोरलेली आहेत. केंद्राच्या संग्रहात वृद्ध हवाई सैनिकांच्या मुलाखती आहेत, आणि ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्या माणसांच्याही. घरातली गोष्ट पुरी समजायची, तर दोन्ही ऐकाव्या लागतात.