बेल्व्हेडिअरची सूची आणि नवखा वाचक

जुने मराठी पुस्तक इंटरनेटवरून उतरवून घ्यायला निघालेला नवखा वाचक पहिल्याच पानावर अडतो. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य पुस्तके आहेत. पत्त्यात ‘इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५’ आणि पुढे लांबलचक आकडा, नाव रोमन लिपीत आणि पुष्कळदा चुकीच्या स्पेलिंगचे, कडेला पीडीएफ, फुल टेक्स्ट, टॉरंट अशी यादी. यातले आपण काय घ्यायचे, हे सांगणारी ओळ नसते. हा दोष संगणकाच्या माथी मारला जातो. पण त्याचे मूळ जुने आहे आणि ते कोलकात्यात सापडते.

त्याच कोलकात्यात नवख्याचा विचार आधी झालेला होता. १८०० मध्ये स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवायचे होते. तिथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरीने पंडित वैजनाथांच्या साहाय्याने रचलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापून निघाले, आणि त्याला रोजच्या व्यवहारातले संवाद जोडलेले होते. कॅरीचा १८१० चा मराठी कोश तर मोडीत छापला, कारण मराठी मुलखातले कागदपत्र मोडीत असत. हेतू राज्यकारभाराचा होता, हे खरेच. तरी पुस्तक कोणाच्या हाती पडणार, हे धरून ते रचले होते.

दीडशे वर्षांनी हे धोरण पालटले. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवणे बंधनकारक झाले, आणि त्या ग्रंथांवरून ग्रंथालयाच्याच बेल्व्हेडिअर आवारात १९५८ पासून भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. बी. एस. केशवन यांच्यासारख्या ग्रंथपालाच्या दृष्टीतून उभे राहिलेले ते मोठेच काम. मात्र चौदाही भाषांतल्या नोंदी रोमन लिपीत, रेघा-टिंबे दिलेल्या अक्षरांत. मराठी वाचकाने ‘ज्ञ’ शोधायचा तो ‘जे’ अक्षराखाली! याचे समर्थन करता येते, आणि ते लंगडे नाही: इतक्या लिपी एका क्रमात लावायला त्या काळी दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. शिवाय ही सूची ग्रंथपालांसाठी होती, आणि वाचक व सूची यांच्यामध्ये टेबलापाशी तो ग्रंथपाल उभा असे. वेबसाइटवर नोंद तेवढी उरली, माणूस गेला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, म्हणजे रोमन लिपी वापरायला लावणारी ती अडचणही कधीच संपली. नवख्याने शिकून घ्यावे, असे कोणी म्हणेल. कॅरीच्या विद्यार्थ्यांनाही शिकायचेच होते. म्हणून तर व्याकरणासोबत संवाद दिले.

आपली जुनी पुस्तके स्कॅन करून चढवणाऱ्या ग्रंथसंग्रहालयांना एवढीच विनंती: पुस्तकाचे नाव, लेखक आणि साल देवनागरीत लिहा, आणि बटणाशेजारी एक ओळ घाला, ‘नुसते वाचायचे असेल तर पीडीएफ घ्या’.