मज्जा रुजल्यानंतर

आपल्या घारापुरीहून खाडीपलीकडे तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा घुमट दिसतो. तेथील पहिली भट्टी 'अप्सरा' १९५६ साली सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९५८ रोजी, युगोस्लाव्हियातील व्हिन्चा येथे एका अणुभट्टीवरचा ताबा सुटला आणि सहा जणांवर किरणांचा मारा झाला. त्यांना पॅरिसला नेले. तेथे डॉ. जॉर्ज माते यांनी पाच जणांना अनोळखी फ्रेंच माणसांच्या हाडांतील मज्जा दिली. पाचांतील एक दगावला, चौघे वाचले. ती मज्जा थोडाच काळ टिकली. रोगी तिच्यामुळे वाचले की स्वतःच्या उरल्यासुरल्या मज्जेमुळे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण आपली भाषाही न जाणणाऱ्या माणसासाठी कोणी हाडात सुई टोचून घेतो, त्याचे मोल या वादाने उणे होत नाही.

रक्त घडवणारी मज्जा किरणांनी चटकन मरते. रक्ताच्या कर्करोगात वैद्य हेच जाणूनबुजून करतात: औषधांनी, कधी किरणांनी, जुनी मज्जा मारायची आणि जुळणाऱ्या भावंडाची शिरेवाटे द्यायची. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. भारतातील हा पहिला यशस्वी प्रयोग. आता टाटांचे हे काम आपल्याच जिल्ह्यात, खारघरला चालते.

मज्जा रुजली की दोन-चार आठवड्यांत पांढऱ्या पेशी दिसू लागतात, रोगी घरी येतो. मालकाला वाटते, गडी बरा झाला, हजेरी लावावी. येथेच घोटाळा होतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी उशिरा तयार होतात. शिवाय त्यांना दुसऱ्या एका जातीच्या पेशींची मदत लागते. त्या छातीतील थायमस ग्रंथीत शिकून निघतात, आणि ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसते. म्हणून मुलापेक्षा प्रौढाला अधिक वेळ लागतो. प्रतिपिंडांची घडी बसायला वर्ष, पुरती प्रतिकारशक्ती यायला दोन वर्षे किंवा अधिकही जातात. लहानपणीच्या लशींची स्मृती बहुतेक पुसलेली असते. पन्नाशीचा बाप्याही तान्ह्या मुलासारखा त्या पुन्हा टोचून घेतो. गोवराची लस जिवंत जंतूंची, ती दोन वर्षांच्या आत देत नाहीत.

कामगार राज्य विमा योजनेत कर्करोगासाठी दोन वर्षांपर्यंत ऐंशी टक्के वेतन मिळू शकते. हे प्रकृतीच्या हिशेबाशी चांगले जुळते. पण त्यासाठी आधीची दोन वर्षे सलग विमापात्र नोकरी लागते. ठेकेदार दर सहा महिन्यांनी ज्याचे नाव काढून पुन्हा चढवतो, त्या गड्याची दोन वर्षे कोण मोजणार?