परम ते ग्राफिक्स प्रोसेसर : पेशींच्या संगणकीय प्रतिरूपणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
गोरेगाव तालुका ज्या गोंदिया जिल्ह्यात मोडतो, तो पूर्व विदर्भ सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रस्त असलेला प्रदेश आहे. हा विकार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे उद्भवतो, हे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. तथापि, विळ्याच्या आकाराची ताठर पेशी केशवाहिनीत कशी अडकते, हे केवळ रेणूच्या अभ्यासाने उलगडत नाही. त्यासाठी पेशीचे संगणकीय प्रतिरूप आवश्यक ठरते. प्रस्तुत निबंधात या साधनाच्या विकासाचा मागोवा घेतला आहे.

महाराष्ट्रातील पायाभरणी :
अमेरिकेने शक्तिशाली क्रे महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. एकच अतिवेगवान प्रक्रियक वापरण्याऐवजी अनेक ट्रान्सप्युटर जोडून काम विभागणे, हे त्याचे तत्त्व होते. पुढे सी-डॅकने जैवमाहितीशास्त्रासाठीही महासंगणन सुविधा उपलब्ध करून दिली. मात्र अशी यंत्रे मोजक्या संस्थांपुरतीच मर्यादित राहिली.

ग्राफिक्स प्रोसेसरचा उदय :
संगणकीय खेळांतील चित्रांसाठी विकसित झालेल्या ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये शेकडो लहान गणनकेंद्रे एकाच वेळी समान क्रिया करतात. २००७ मध्ये एनव्हिडिया कंपनीने ‘कुडा’ ही आज्ञाप्रणाली उपलब्ध केल्यावर त्यांचा वैज्ञानिक गणनेसाठी वापर सुलभ झाला. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येकाची स्वतंत्र गणना अशक्यप्राय असल्याने पेशीपटल बिंदूंच्या जाळ्याच्या रूपाने मांडले जाते. प्रत्येक बिंदूवरील बल शेजारच्या बिंदूंवरून काढायचे असल्याने ही गणना समांतर पद्धतीस अनुकूल ठरते. बिंदूंमधील माहितीची देवाणघेवाण मात्र वेग मर्यादित करते. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात जॉर्ज कार्नियाडाकिस यांच्या गटाने सिकल पेशींच्या प्रवाहाची अशी प्रतिरूपे तयार केली. २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील झायडा लुथी-शुल्टेन यांच्या गटाने ४९३ जनुके असलेल्या किमान जीवाणूपेशीचे त्रिमितीय प्रतिरूप ग्राफिक्स प्रोसेसरच्या साहाय्याने सादर केले. २०२० मध्ये सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हाही ग्राफिक्स प्रोसेसरवरच उभारला गेला.

समारोप :
प्रतिरूप हे रक्ततपासणीस वा उपचारास पर्याय नव्हे. प्रयोगातील मोजमापांशी पडताळल्याशिवाय त्यास प्रामाण्य लाभत नाही. २०२३ मध्ये आरंभलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा पायाही तपासणी व समुपदेशन हाच आहे. तरीही, जे समांतर संगणन १९९१ मध्ये राष्ट्रीय संस्थेलाच शक्य होते, ते मर्यादित प्रमाणात आता साध्या संगणकातील एका कार्डावर करता येते. त्यामुळे ज्या प्रदेशात हा आजार आहे, तेथील महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्र विभागांनी एकत्रितपणे लहान प्रतिरूपांवर काम करणे शक्य आहे. या इतिहासाचे ग्रामीण उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हेच महत्त्व होय.