दहा हजार वासांचा हिशेब

माणसाला सुमारे दहा हजार वास ओळखता येतात, हे विधान इतक्या ठिकाणी छापले गेले आहे की ते मोजले कोणी, असा प्रश्न वाचकाच्या मनात सहसा येत नाही. २००४ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हाच्या अधिकृत पत्रकातही हा आकडा होता.

त्याचे मूळ १९२७ सालापर्यंत जाते. अर्नेस्ट क्रॉकर आणि लॉइड हेंडरसन या अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी सर्व वासांचे चार मूळ घटक मानले: सुगंधी, आंबट, करपट आणि बोकडासारखा उग्र. प्रत्येक घटकाला शून्य ते आठ असे गुण द्यायचे, की कोणत्याही वासाला चार आकडी क्रमांक मिळाला. गुलाबाचा क्रमांक ६४२३. (गुलाबात तीन गुण बोकडाचे, हे आपल्या कवींच्या कानी गेले नाही ते बरेच!) चार घटकांच्या प्रत्येकी नऊ पायऱ्यांचा गुणाकार ६५६१, पुढे ही संख्या फुगून दहा हजारांवर स्थिरावली. म्हणजे मोजले गेले ते नोंदवहीतले रकाने. नाकाची परीक्षा झालीच नाही.

अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात आणि रसाचे सहा प्रकार सांगितले, गंधाचे मात्र दोनच: सुरभी आणि असुरभी. मला हा संयम अधिक शहाणपणाचा वाटतो. रंगाला तरंगलांबी आहे, स्वराला कंप्रता आहे; गंधाला अशी एकच मोजपट्टी नाही. कार्व्होन या द्रव्याचे दोन रेणू एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात, तरी एकाला पुदिन्याचा वास येतो, तर दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. नाकातील ग्राहक प्रथिनांचे प्रकार सुमारे चारशे. एक रेणू त्यांतील अनेकांना चेतवतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. अशा विणीत ‘एक वास’ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो?

२०१४ साली रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी प्रत्यक्ष नाकांची परीक्षा घेतली. १२८ द्रव्यांतून केलेली मिश्रणे २६ जणांना हुंगायला दिली आणि त्यावरून अनुमान काढले: किमान एक लाख कोटी वास! पुढच्याच वर्षी रिचर्ड गर्किन आणि जेसन कॅस्ट्रो यांनी दाखवून दिले की सहभागींची संख्या किंवा सांख्यिकीय निकष जरासा बदलला, तरी हे उत्तर प्रचंड पटींनी खालीवर होते. तोवर वृत्तपत्रांतून दहा हजारांच्या जागी नवा आकडा रूढ होऊ लागला होता.