छिद्रित पुठ्ठा, टर्मिनल आणि फलनाधिष्ठित भाषा

सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जकार्ड यंत्राने विणली जाते, त्याच्याशी संगणकाचे नाते असल्याचे वारंवार सांगितले जाते. ते कोणत्या अर्थाने खरे, याची छाननी मात्र क्वचितच होते. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध झालेल्या या यंत्रात बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक छिद्रित पुठ्ठा असे. छिद्र असेल तेथील ताण्याचे धागे उचलले जात, नसेल तेथील खालीच राहत. बॅबेजने ही कल्पना जकार्डकडून उघडपणे घेतली. हॉलेरिथचे तसे नाही. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत त्याची कार्डे वापरली गेली. परंतु त्याने श्रेय दिले ते तिकिटांवर छिद्रे पाडणाऱ्या रेल्वे कंडक्टरला! पुढे १९२८ मध्ये आयबीएमचे कार्ड ८० स्तंभांचे झाले आणि १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलची ओळही ८० अक्षरांची राहिली. तेव्हा टर्मिनलच्या रुंदीचे मूळ मागात शोधणे धाडसाचे ठरेल.

खरे साम्य आहे ते फलनाधिष्ठित भाषांशी. शुद्ध फलन त्याच निवेशाला नेहमी तेच उत्तर देते; उलट पडद्यावर अक्षर उमटविणे ही कृती होय, आणि कृतीला क्रम असतो. १९९० च्या हास्केल भाषेत समग्र आज्ञावली म्हणजे बाहेरून येणाऱ्या उत्तरांच्या यादीवरून मागण्यांची यादी देणारे एक फलन, अशी योजना होती. कागदावर ती मोहक होती. व्यवहारात मात्र मागणी करण्यापूर्वीच उत्तराची तपासणी झाली की आज्ञावली अडून बसे. १९९३ मध्ये पेटन जोन्स व वॅडलर यांनी पुरस्कारिलेला मार्ग १९९६ च्या आवृत्तीत स्वीकारला गेला. त्यानुसार फलन कृती करीत नाही, कृतीचे वर्णन रचते. ते वर्णन अमलात आणणारी यंत्रणा निराळी.

टर्मिनलसाठीच्या लायब्ऱ्यांतही हाच पालट दिसतो. १९८० च्या सुमारास बर्कले येथे निर्माण झालेली ‘कर्सेस’ पडद्याचे चित्र स्मृतीत ठेवी आणि बदललेली अक्षरेच धाडी. तरी बिंदू कोठे न्यावयाचा, काय लिहावयाचे, हे आज्ञावलीकाराने पायरीपायरीने सांगावे लागे. हास्केलसाठीच्या ‘ब्रिक’मध्ये (२०१५) त्याने मुख्यतः दोन गोष्टी द्यावयाच्या: स्थितीवरून चित्र देणारे फलन, आणि कळ दाबली असता नवी स्थिती ठरविणारा नियम. चित्र प्रत्यक्ष उमटविण्याचे काम लायब्ररीचे.

चौकटीच्या कागदावर नक्षी आखणाराही असेच संपूर्ण चित्र मांडतो; धागे उचलण्याचे काम यंत्राचे. तथापि पुठ्ठ्यांची साखळी कोणाच्या उत्तराची वाट पाहत नाही, एकामागून एक पुठ्ठा पुढे सरकत जातो. हास्केलकारांची १९९० ते १९९६ ही वर्षे ज्या प्रश्नात गेली, तो जकार्डपुढे कधी उभाच राहिला नव्हता.