तंबूतून तळहातावर

वऱ्हाडातील बालक पडद्यासमोर प्रथम बसले ते घरात नव्हे, जत्रेतील टुरिंग टॉकीजच्या तंबूत. जत्रा सरली की तंबू उठे. पडद्याची वेळ कोणा मातेला ठरवावी लागत नसे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु अमरावती-अकोल्याकडील घरांत दूरचित्रवाणी रुळली ती १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांनंतर, प्रक्षेपकांचे जाळे पसरू लागल्यावर. १९८७ मध्ये 'रामायण' मालिका आली, तेव्हा एका संचासमोर सारी आळी बसे. पडदा घरात आला होता, तरी तो सर्वांचा होता. १९९२ नंतर केबलने वाहिन्या वाढविल्या, आणि २०१६ पासून स्वस्त झालेल्या इंटरनेटने पडदा एकेकाच्या तळहातावर ठेवला. त्याच वर्षी मेळघाटातील हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून गाजले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली. जो फोन आपण लेकरांपासून दूर ठेवीत होतो, तोच शिक्षणासाठी त्यांच्या हाती द्यावा लागला.

या इतिहासाकडे पाहता, सारा दोष मातेच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. आजी-आजोबा गावी राहिले, घर दोन खोल्यांचे झाले, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर अंगण ओस पडते, आणि कामाने थकलेली आई घास भरविण्यासाठी फोनचा आधार घेते. संशोधकांना अनेक देशांत आढळलेली एक गोष्ट मात्र आपणा सर्वांना लागू पडते: आईवडील जितका वेळ पडद्यात गुंतलेले, तितके मूलही. बालक आपले ऐकत नसेल, पण आपल्याकडे पाहत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, एक वर्षाखालील मुलाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत पडदा वर्ज्यच मानते. कारण बोलणे येते ते उत्तर देणाऱ्या माणसाकडून. चित्र बोलते खरे, परंतु बाळाच्या बोबड्या प्रश्नाला थांबत नाही.

जत्रेचा तंबू आपोआप उठत असे. आजचा तंबू घरातील मोठ्यांनीच उठवावयाचा आहे. आरंभ जेवणाच्या पानापासून करावा: फोन दूर, सारे कुटुंब एकत्र, आणि आधी बाप आपला फोन खाली ठेवील.